गॅस गाळणारी वाळू

आज आपण एका गाळणीबद्दल बोलणार आहोत. ही गाळणी चहाची नाही, पिण्याच्या पाण्याचीही नाही. ही गाळणी गॅस गाळते, आणि तेही वाळूने.

हा विषय का घेतला, ते आधी सांगतो. शेतात तुराट्या असतात, पऱ्हाट्या असतात, बाभळीचं लाकूड असतं. भाताच्या पट्ट्यात तूस असतो, कोकणात काजूची टरफलं असतात. अशा जळणापासून गॅस तयार करणारं एक यंत्र असतं, त्याला गॅसिफायर म्हणतात. त्या गॅसवर इंजिन चालवून वीज करता येते, गिरणी फिरवता येते, किंवा नुसती भट्टी पेटवून हळद शिजवता येते. गटासमोर अशा यंत्राची गोष्ट निघाली की आपण सगळ्या जणी दोन प्रश्न हमखास विचारतो. यंत्राची किंमत किती? आणि जळण किती लागेल? तिसरा प्रश्न सहसा राहून जातो : त्या गॅसमधली धूळ कुठे जाणार, आणि ती कोण काढणार? आजचं बोलणं या तिसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

आधी गॅस कसा तयार होतो ते पाहू. चुलीत लाकडाला भरपूर हवा मिळते, ते पुरतं जळतं आणि राख उरते. गॅसिफायरमध्ये हवा मुद्दाम कमी सोडतात. त्यामुळे लाकूड पूर्ण जळत नाही, त्यातून जळण्याजोगा गॅस निघतो. त्या गॅसमध्ये साधारण पाचवा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो, जवळपास तेवढाच किंवा थोडा कमी हायड्रोजन, थोडा मिथेन. उरलेल्यात मोठा भाग हवेतून आलेल्या नायट्रोजनचा, जो जळत नाही. एक किलो कोरड्या लाकडापासून अंदाजे अडीच घनमीटर गॅस मिळतो.

हे तंत्र काही आजचं नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा आपल्या देशातही कोळशाच्या गॅसवर बस आणि मोटारी चालत. जुनी माणसं अजून ‘कोळशाची गाडी’ म्हणतात ती हीच. गाडीच्या मागे एक उभी टाकी, तिच्यात कोळसा, आणि त्यातून निघालेला गॅस इंजिनात. पुढे १९८८ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात होसहळ्ळी नावाच्या लहानशा गावात लाकडाच्या गॅसवर वीज करणारं यंत्र बसवलं. गॅसला थोड्या डिझेलची जोड देऊन ते इंजिन चालायचं. त्या विजेवर घरात दिवे लागले, पाण्याचा पंप चालला, पिठाची गिरणी फिरली. त्या संस्थेच्या या धर्तीच्या यंत्रांत गॅस आधी गार करतात आणि मग जाड व बारीक वाळूच्या थरांतून नेतात. तीच ही आपली गाळणी.

आता धुळीचा हिशेब मांडू. बचतीचा हिशेब आपण पैशापैशाने मांडतो, हा ग्रॅमने मांडायचा. समजा गटाने दहा किलोवॉटचं यंत्र घेतलं. त्याला तासाला सुमारे २५ घनमीटर गॅस लागेल. दिवसाला सहा तास चालवलं तर १५० घनमीटर. गॅससोबत राखेचे आणि कोळशाचे बारीक कण उडून येतात. प्रत्येक घनमीटरमध्ये एक ग्रॅम धूळ धरली, तरी दिवसाची धूळ १५० ग्रॅम झाली. महिन्याचे २५ दिवस धरले तर पावणेचार किलो. आता दुसरी बाजू पाहा. इंजिन नीट टिकायचं असेल तर एका घनमीटर गॅसमध्ये ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त धूळ नसावी, असं सर्वसाधारणपणे मानतात. म्हणजे १५० घनमीटरमागे फक्त साडेसात ग्रॅम. वीस भाग धूळ निघत असेल तर त्यातले एकोणीस भाग वाटेतच अडवले पाहिजेत.

नाही अडवले तर? ती राख इंजिनाच्या तेलात मिसळते आणि पाट्यावर वरवंटा घासावा तशी पिस्टन आणि सिलिंडर घासत राहते. धुळीबरोबर एक डांबरासारखा चिकटाही येतो. लाकडाचा धूर गार झाला की भांड्याच्या बुडाला जो चिकट काळा थर बसतो, त्याच जातीचा. तो इंजिनाच्या व्हॉल्व्हवर बसला की व्हॉल्व्ह अडकतात. कर्ज काढून घेतलेलं यंत्र बंद पडतं, पण हप्ता चालूच राहतो.

धूळ अडवण्याचं काम एका गाळणीवर टाकत नाहीत. पहिला टप्पा असतो सायक्लोनचा. तुमच्यापैकी अनेकींनी मिरची-मसाला कांडपाचं यंत्र पाहिलं आहे, काहींच्या गटाचं स्वतःचंही असेल. त्याला वर रुंद, खाली निमुळतं होत गेलेलं पत्र्याचं नरसाळं असतं. हवा त्यात कडेने शिरते आणि गोल गोल फिरते. जड कण बाहेर फेकले जाऊन पत्र्यावर आपटतात आणि घरंगळत खाली येतात. गॅसिफायरच्या सायक्लोनमध्ये हेच घडतं. मोठे कण तिथेच पडतात. एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून बारीक कण मात्र बरेचसे पुढे निसटतात.

तुम्ही म्हणाल, कांडप यंत्राला पुढे कापडी पिशवी लावतात, तशी इथेही लावावी. इथे दोन अडचणी आहेत. गॅसिफायरमधून गॅस बाहेर पडतो तेव्हा तो तीन-चारशे अंश तापलेला असू शकतो. त्यात सुती किंवा पॉलिएस्टरचं कापड टिकणार नाही. आणि गॅस गार करावा तर त्यातली वाफ आणि चिकटा सुटतो, कापड ओलं होऊन लिंपल्यासारखं बंद होतं. वाळूला उष्णतेची भीती नाही, ती जळत नाही, आणि घाण झाली तर धुऊन पुन्हा भरता येते. शिवाय ती स्वस्त आहे. म्हणून मधलं अवघड काम वाळूवर सोपवतात, आणि कापड ठेवायचंच असेल तर सगळ्यात शेवटी, राखणीला.

गाळणीची बांधणी सोपी आहे. एक लोखंडी टाकी, आत जाळी, जाळीवर वाळूचा थर, वर घट्ट बसणारं झाकण आणि झाकणाखाली रबराची पट्टी. गॅस एका बाजूने शिरतो, वाळूच्या दाण्यांमधून वाट काढतो आणि दुसऱ्या बाजूने निघतो. बहुतेक वेळा दोन थर असतात. गॅस आधी जाड वाळूतून जातो, मग बारीक वाळूतून. धान्य आपण आधी मोठ्या भोकांच्या चाळणीने चाळतो, मग बारीक चाळणीने. आधीच बारीक चाळणी घेतली तर ती लगेच भरून बसते. इथेही तसंच.

आता खरी गंमत ऐका. चाळणी म्हटलं की आपल्याला वाटतं, भोक लहान आणि कण मोठा, म्हणून कण अडकतो. वाळूच्या गाळणीत बहुतांशी तसं होत नाही. एक मिलिमीटर जाडीच्या वाळूच्या दाण्यांमध्ये जी फट राहते, तिच्यातून आपल्या डोक्याचे दोन-तीन केस आरामात जातील. धुळीचा कण तर केसाच्या जाडीच्या दहाव्या-पंधराव्या भागाएवढा. तो फटीतून सहज निघून जायला हवा. तरी तो अडकतो, आणि तो चार तऱ्हांनी अडकतो.

पहिली तऱ्हा वळणाची. दाण्यांमधली वाट सरळ नसते, घाटासारखी सतत वळते. गॅस हलका, तो झटकन वळतो. जड कणाला वळता येत नाही. तो सरळ जाऊन दाण्यावर आपटतो आणि तिथेच चिकटतो.

दुसरी तऱ्हा काट्याची. बाभळीच्या कडेकडेने जाताना आपण काट्याला भिडत नाही, पण पदर अडकतोच. तसा एखादा कण वळण बरोबर घेतो, पण दाण्याच्या इतक्या जवळून जातो की त्याचा कडेचा भाग टेकतो आणि तो अडकतो.

तिसरी तऱ्हा खाली बसण्याची. गॅस सावकाश चालला असेल तर मोठे कण आपल्या वजनाने दाण्यांच्या पाठीवर बसतात. घरात फळीवर धूळ बसते तसे.

चौथी तऱ्हा सर्वांत बारीक कणांची. हे कण इतके हलके असतात की गॅसच्या रेणूंचे धक्के लागून ते सरळ रेषेत राहतच नाहीत. गर्दीच्या बाजारात हात सुटलेल्या पोरासारखे इकडून तिकडे ढकलले जातात. ढकलत ढकलत कुठल्या तरी दाण्याला टेकतात, आणि एकदा टेकले की सुटत नाहीत. बारीक पीठ भिंतीला चिकटून राहतं, तसं.

यातून एक गोष्ट लक्षात येईल. मोठे कण पहिल्या तीन तऱ्हांनी सापडतात, अगदी बारीक कण चौथीने सापडतात. मधल्या आकाराचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही थोडे लहान असे कण सर्वांत जास्त निसटतात. ते आपटण्याइतके जड नसतात आणि ढकलले जाण्याइतके हलकेही नसतात. म्हणून वाळूचा थर पुरेसा जाड लागतो. टाकीही रुंद लागते, म्हणजे गॅस सावकाश जातो. अरुंद टाकीतून तोच गॅस जोराने गेला तर चिकटलेली धूळही उखडून पुढे जाते. टाकी लहान करून किंमत कमी केली, असं कुणी सांगितलं तर तिथे थांबून विचारायचं.

आणखी एक उलटी वाटणारी गोष्ट. नुकत्याच धुतलेल्या कोऱ्या वाळूपेक्षा थोडी वापरलेली वाळू जास्त चांगलं गाळते. धुळीचा जो पातळ थर दाण्यांवर बसतो तोच पुढच्या धुळीला अडवायला मदत करतो. पण हा फायदा एका मर्यादेपर्यंतच. धूळ साठत गेली की फटी भरतात, गॅसला जायला जागा उरत नाही, इंजिन दम लागल्यासारखं चालतं. मग वाळू काढावीच लागते.

वाळू कधी काढायची, हे अंदाजाने ठरवू नये. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली पारदर्शक नळी घ्यायची, तिच्यात रंगीत पाणी भरायचं. तिचं एक टोक गाळणीच्या आधी जोडायचं, दुसरं गाळणीच्या नंतर. गाळणी मोकळी असेल तर दोन्ही बाजूंचं पाणी जवळजवळ एका पातळीवर राहतं. गाळणी भरत गेली की एका बाजूचं पाणी खाली जातं, दुसऱ्या बाजूचं वर चढतं. हा फरक पट्टीने सेंटिमीटरमध्ये मोजायचा. वाळू नवी असताना फरक किती, तो पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहून ठेवायचा. किती झाला की वाळू काढायची, तो आकडा यंत्र देणाऱ्याकडून लेखी घ्यायचा आणि त्याच्या शेजारी लिहायचा. मग रोज एकीने वहीत नोंद करायची.

फरक हळूहळू वाढणं ठीक आहे. पण तो अचानक कमी झाला तर आनंद मानू नका. वाळूत कुठेतरी भगदाड पडलं आहे आणि गॅस न गाळताच तिथून पळतो आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. शेवटची कापडी गाळणी उघडल्यावर ती काळी झालेली दिसली, तरी हाच संशय घ्यायचा.

मोठ्या कारखान्यांत हीच कल्पना मोठ्या आकारात वापरली गेली आहे. सिमेंट कारखान्यात भट्टीतून निघालेले तापलेले खडे हवेने गार करतात. त्या गरम, धुळीच्या हवेसाठी बारीक खडीच्या थरांच्या गाळण्या वापरल्या गेल्या. काही ठिकाणी थर जागेवर ठेवत नाहीत. गिरणीच्या पेटीतून धान्य सरकावं तसे दाणे वरून खाली सरकत राहतात. मळलेले खालून निघतात, झाडून-चाळून स्वच्छ होतात आणि पुन्हा वर जातात. तिथे यंत्रच वाळू बदलतं. आपल्या गावच्या लहान यंत्रात ती माणसालाच बदलावी लागते.

आणि मैत्रिणींनो, कळीची गोष्ट इथेच आहे. गाळणी धूळ नाहीशी करत नाही. ती धूळ सांभाळून ठेवते, कुणीतरी येऊन काढेपर्यंत. हे ‘कुणीतरी’ कोण, ते कागदावर लिहिलेलं नसलं तर धुणीभांडी जशी न सांगता आपल्याकडे येतात, तशी ही वाळूही येते. म्हणून ती काढण्यातले धोके नीट समजून घेऊ.

पहिला धोका गॅसचा. यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. श्वासातून तो रक्तात गेला की रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो आणि अंगाला प्राणवायू मिळेनासा होतो. डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते, आणि माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून यंत्र बंद करून, पूर्ण गार झाल्याशिवाय आणि आतला गॅस बाहेर काढल्याशिवाय गाळणीचं झाकण उघडायचं नाही. गरम टाकीत गॅस असताना हवा शिरली तर भडकाही उडू शकतो. टाकी बंद खोलीत ठेवायची नाही, चारी बाजूंनी मोकळ्या छपराखाली ठेवायची. झाकण उघडताना वारा आपल्या पाठीकडून येईल असं उभं राहायचं. आत डोकं घालायचं नाही. हे काम एकटीने कधीच करायचं नाही. जवळ विडी-काडी पेटवू द्यायची नाही. कुणी कोसळलीच तर घाईने आत धावायचं नाही. आधी गॅसचा व्हॉल्व्ह बंद करायचा, मग स्वतःचा श्वास सांभाळत तिला मोकळ्या हवेत ओढायचं आणि १०८ला फोन करायचा.

दुसरा धोका कोरड्या धुळीचा. वाळूची अतिबारीक पूड वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो, दगडखाणीतल्या कामगारांना होतो तो. गेलेलं फुप्फुस परत येत नाही. म्हणून नवी असो की जुनी, वाळू कोरडी चाळायची नाही, ओली करूनच हाताळायची. तोंडाला पदर बांधणं पुरेसं नाही. बारीक धूळ अडवणारा नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क हवा.

तिसरा धोका धुवणाचा. वाळू धुतल्यावर जे काळं पाणी निघतं त्यात तो डांबरी चिकटा असतो. तो कातडीला त्रास देतो आणि पाणी नासवतो. हात कोपरापर्यंत झाकणारे रबरी हातमोजे घालायचे. ते पाणी ओढ्यात, विहिरीजवळ, गुरांच्या हौदाकडे सोडायचं नाही. त्यासाठी सिमेंटचा पक्का खड्डा किंवा टाकी हवी, आणि तिच्यात साठलेलं पुढे कुठे न्यायचं हे आधीच ठरलेलं हवं. लहान मुलं त्या जागेजवळ नकोत. भरदिवसाची बाई असेल तर तिला हे काम देऊ नका, कारण हा गॅस पोटातल्या बाळालाही बाधतो.

इतकं ऐकून कुणी म्हणेल, मग हे यंत्र नकोच. आम्ही तसं म्हणत नाही. फुकट जाणाऱ्या पऱ्हाटीतून वीज निघत असेल, बांधावर जळून जाणाऱ्या काडीवर गटाची गिरणी चालत असेल, तर ते चांगलंच आहे. आमचं म्हणणं एवढंच, की यंत्राचा हिशेब गाळणीसकट मांडा. सही करण्याआधी बैठकीत हे प्रश्न मोठ्याने वाचा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.

गॅस किती टप्प्यांत गाळला जाणार? गाळणीनंतर गॅसमध्ये किती धूळ उरेल, आणि ते लेखी देणार का? दाब दाखवणारी पाण्याची नळी यंत्रासोबत येणार का? वाळू किती तासांच्या वापरानंतर काढावी लागेल? ती काढायला, धुवायला, वाळवायला किती तास लागतील? काळ्या पाण्याचा खड्डा कुणाच्या खर्चाने बांधायचा? हातमोजे, मास्क आणि कार्बन मोनॉक्साइड वाढला की वाजणारा मोजक यांचा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे का? आणि प्रशिक्षण कुणाला मिळणार? नुसतं बटण दाबणाऱ्या माणसाला, की वाळू काढणाऱ्या बाईलाही?

शेवटचा मुद्दा मजुरीचा. महिन्याला वाळूच्या कामात जे तास जातील, त्यांना गावातल्या चालू दराने गुणा आणि ती रक्कम खर्चाच्या बाजूला लिहा. त्यानंतरही नफा दिसला तर तो खरा नफा. ती रक्कम लिहिल्यावर नफा दिसेनासा झाला, तर इतके दिवस जो नफा दिसत होता तो कुणाच्या तरी फुकट कष्टांचा होता, हे समजा.

या आठवड्यातल्या गटाच्या बैठकीत हे प्रश्न नक्की वाचा. तुमच्या गावात असं यंत्र आधीच चालू असेल तर एकदा जाऊन वाळू काढणाऱ्या बाईला भेटा. यंत्र कसं चालतं हे तिला विचारा आणि तिच्या हातांकडेही बघा. जे समजेल ते आम्हाला कळवा, पुढच्या वेळी त्याबद्दल बोलू. नमस्कार.